खामगावात देवीचा मुखवटा घडवून घेतला, पूर्ण अनुभव (वजनाच्या हिशोबासकट)

आमच्या गावच्या देवीचा चांदीचा मुखवटा अन् मागची प्रभावळ या वर्षी नवरात्राच्या आधी खामगावला घडवून घेतली, जुनं छत्रही तिथंच दुरुस्त केलं. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून इतके फोन आले की कुठं केलं, किती लागले, चांदी मारत तं नाहीत ना, म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहून टाकतो. लांबेल थोडं, पण ज्यांच्या गावात देवाचं काम निघणार आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण पैसा अन् चांदी दोन्ही लोकांचे असतात.

आधीच सांगतो, कारखान्याचं नाव लिहीत नाही. काम करून देणारे कारागीर, त्यांना सगळे काकाजी म्हणतात, त्यांनीच तशी विनंती केली. काम करणारे चौघंच, काकाजी, त्यांचा मुलगा, सून अन् हाताखालचा एक पोरगा, अन् चैत्रापर्यंतच्या ऑर्डरी आत्ताच भरल्या आहेत, गर्दी झाली की हात घाई करतो असं त्यांचं म्हणणं. खामगावच्या सराफ्यात जाऊन देवाचं ठोकीव काम करणारे काकाजी कुठं बसतात एवढं विचारा, दुसरा नाही तं तिसरा माणूस गल्लीपर्यंत आणून सोडतो. खामगावला रजतनगरी म्हणतात हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे, पण चांदी विकणारे वेगळे अन् चांदीत देव घडवणारे वेगळे, हे मला तिथं तीन दिवस फिरल्यावर कळलं.

मी हायस्कूलला ड्रॉइंग शिकवतो, अन् सहा वर्षांपासून मंदिर कमिटीचा सचिव आहे. गाव पातूरच्या पुढं, दोनशे-सव्वादोनशे उंबरे, सगळी शेती, कपाशी अन् सोयाबीन. अकरा वर्षांपूर्वी कमिटीनं एका मोठ्या शहरातल्या दुकानातून रेडिमेड मुखवटा आणला होता. दुकानाचं नाव सांगून उपयोग नाही, आता तिथं माणसंही बदलली. पण तो मुखवटा तीन वर्षांतच नाकाच्या शेंड्याला चेपला, कानामागच्या जोडावर काळे-हिरवे डाग आले, कितीही घासा जात नव्हते, अन् नंतर टंच, म्हणजे चांदीची शंभरातली शुद्धता, काढला तं साठीच्याही खाली. यापेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट म्हणजे डोळे. ठशात दाबून काढलेला मुखवटा होता तो, त्याच ठशातून निघालेले डोळे मी आणखी दोन गावांच्या देवींना पाहिले. आमच्या बायाबापड्या हात जोडायच्या पण म्हणायच्या, गुरुजी, ही आपली माय वाटत नाही हो.

म्हणून यावेळी ठरवलं, लागतील तेवढे दिवस लागो, हातानंच घडवून घ्यायचं. चांदी गावातूनच जमली. कोणी पैंजण दिले, कोणी तोरड्या, कोणी लेकराचे वाळे, एका आजीनं तं स्वतःच्या लग्नातल्या पाटल्या दिल्या अन् सांगितलं की माझं नाव लिहू नका, फक्त वजन लिहा. एका वहीत सगळं लिहिलं, नगाला नग, ग्रॅमला ग्रॅम. जुन्या छत्रासकट २ किलो ८६० ग्रॅम भरलं. ती वही घेऊन फिरताना मला रात्री झोप यायची नाही, खरं सांगतो.

पुढं या गोष्टीत स्पेनमधले जुने सोनारही येतात, ते कुठून आले ते आता सांगतो, कारण माझं या कारखान्याबद्दलचं मत त्यावरूनच पक्कं झालं.

माझा भाचा माद्रिदला नोकरीला आहे. तो सुटीत तोलेदो नावाच्या जुन्या गावी गेला अन् तिथल्या कॅथेड्रलमधून मला व्हिडिओ कॉल लावला, मामा तुम्ही हे पाहाच म्हणून. काचेच्या मागं सोन्यारुप्याचा एक मनोरा उभा होता, तीनेक मीटर उंच, खालपासून वरपर्यंत नुसती जाळी, कमानी, सुळके अन् इवल्या इवल्या मूर्ती. त्याला तिकडं कुस्तोदिया म्हणतात, त्यांचा पवित्र प्रसाद मध्ये ठेवून वर्षातून एकदा मिरवणूक काढतात, आपल्या पालखीसारखी. बनवणारा एन्रिके दे आर्फे, मूळचा जर्मन माणूस, स्पेनमध्ये लेओन शहरात येऊन स्थायिक झालेला सोनार. कार्डिनल सिस्नेरोस यांनी १५१५ च्या सुमारास काम सांगितलं अन् पुरं व्हायला आठ-नऊ वर्षं लागली. सुमारे १८३ किलो चांदी, १८ किलो सोनं, अडीचशेच्या वर छोट्या मूर्ती. आतला सोन्याचा गाभा त्याआधीचा, राणी इसाबेलाकडचा, तो बार्सेलोनाच्या सोनारानं केला होता, अन् कोलंबसानं अमेरिकेतून आणलेलं पहिलं सोनं त्यात आहे असं तिथली माणसं पिढ्यानपिढ्या सांगतात.

मी त्या रात्रीपासून या घराण्याच्या मागंच लागलो. एन्रिकेचा मुलगा अंतोनियो तोही सोनार, अन् नातू हुआन दे आर्फे तं तिघांत सगळ्यात नावाजलेला, जन्म लेओनचा १५३५ चा, मृत्यू माद्रिदला १६०३ मध्ये. आविला, सेविल, वालादोलीद इथल्या कुस्तोदिया याच्या हातच्या, सेविलची १५८० ते १५८७ अशी सात वर्षं चालली. हा माणूस स्वतःला सोनार नाही, सोन्याचांदीचा शिल्पकार म्हणवून घ्यायचा. अन् नुसता घडवून थांबला नाही, १५७२ मध्ये त्यानं चांदी, सोनं अन् रत्नं पारखायची कशी यावर पुस्तक छापलं, मग १५८५ मध्ये माणसाच्या अंगाची, जनावरांची, इमारतीची अन् देवळातल्या भांड्यांची मापं कशी धरायची यावर दुसरं. त्यातली मापं पद्यात बांधलेली आहेत. आपल्याकडं पाढे अन् नक्षत्रं जशी तालावर पाठ करून घेतात तसंच मला ते वाटलं.

तं अशी दहा-बारा चित्रं कलर प्रिंट काढून मी पिशवीत टाकली होती. खामगावात पहिल्या दोन दुकानांत दाखवली, त्यांनी चांगलं आहे म्हणून बाजूला ठेवली अन् कॅटलॉग पुढं सरकवला. तिसऱ्या दिवशी काकाजींकडं गेलो.

जागा म्हणाल तं बारा बाय पंधराची खोली, एक खिडकी, खिडकीखाली ऐरण. भिंतीला लाकडी पट्टीत कलमा, म्हणजे पत्र्यावर ठोकून नक्षी उठवायच्या छिन्न्या, लावलेल्या, दीडशे तरी असतील, एकाही कलमेचं टोक दुसरीसारखं नाही, बऱ्याच त्यांच्या आजोबांनी स्वतः घडवलेल्या. मध्ये राळेची कढई. राळ, विटेची बारीक भुकटी अन् तेल मिळून कढवायचं, थंड झालं की घट्ट पण हातोडीखाली दबणारं असं ते होते, त्यावर पत्रा चिकटवून ठोकायचं. वास सगळ्या खोलीत. बसायला दोन स्टूल, अन् जमिनीवर सतरंजी. सोबत आलेल्या कमिटीच्या दोघी बाया अर्धा दिवस उभ्या होत्या, ही सोय त्यांनी करायला पाहिजे, मी तोंडावर सांगितलं तसंच इथंही लिहितो.

काकाजींनी प्रिंट हातात घेतल्या, चष्मा कपाळावर सारला अन् खिडकीकडं गेले. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग बोटानं दाखवत सुरू झाले. "हे पाहा सर, ह्या बारक्या मूर्त्या ओतीव हायेत, मेणाच्या साच्यातून काढेल. अन् हे जे खालतं पट्टीवर उठेल हाये न, हे ठोकीव. जाळी कापून कानशीनं साफ केली. अन् हे पिवळं दिसून राह्यलं ते सगळं सोनं नसन, चांदीवर मुलामा असन." बरोबर होतं. बाहेरचा सगळा मनोरा चांदीचाच, त्यावर सोन्याचा मुलामा चढवला तो सुद्धा एन्रिकेच्या मागून, १५९५ मध्ये. मी काही सांगायच्या आधी या माणसानं खामगावच्या खिडकीत उभं राहून ते कागदावरच्या चित्रात ओळखलं.

मग त्यांनी विचारलं, "इतके तुकडे जोडले कायनं? डाकीनं तं नाही जमनार, आग लागली की बाजूचं वितळन." डाक म्हणजे जोड लावायची मिश्र चांदी, ती मूळ चांदीच्या आधी वितळते. मी सांगितलं, स्क्रूनं. सुमारे ५,६०० तुकडे अन् १२,५०० स्क्रू. काकाजी स्टुलावर बसलेच. मुलाला आवाज दिला, सुनेला बोलावलं, चहा मागवला, अन् पुढचा एक तास आम्ही फक्त स्क्रूवर बोललो. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या तासांपैकी एक होता तो.

कारण आमचा जुना मुखवटा जोडावरच गेला होता. डाक हलकी वापरली की तिथं तांबं जास्त, तेच काळं-हिरवं होते, अन् सगळंच झाळून टाकलं की साफ करायलाही उघडता येत नाही, आत तेल, कुंकू, धुरी साचून राहते अन् आतून खाते. काकाजी म्हणाले, आपणही प्रभावळ खोलता येईल अशीच करू, सागाच्या पाटावर सात भाग, चांदीच्या डोक्याचे स्क्रू, डाक फक्त नाइलाजाच्या जागी अन् तीही चांगल्या टंचाची. खर्च वाढेल म्हणाले, सात-आठ दिवस जास्त लागतील म्हणाले. मी तिथंच हो म्हटलं, कमिटीला नंतर समजावून सांगितलं.

चांदी कशी घेतली ते आता नीट वाचा, इथंच बहुतेक गावं फसतात. त्यांनी वही मागितली. आमच्या वहीतला प्रत्येक नग त्यांच्या काट्यावर पुन्हा तोलला, दोन ठिकाणी अर्ध्या-एक ग्रॅमचा फरक आला तो लाल पेननं लिहिला अन् माझी सही घेतली. मग छत्र बाजूला काढलं, ४१० ग्रॅमचं. कमिटीचा ठराव होता की छत्रही आटवायचं अन् नवं करायचं. काकाजींनी ते उलटं केलं, आतून बोट फिरवलं अन् म्हणाले, "हे आटवू नोका. हे ज्यानं केलं त्याचा हात आता कोनापाशी नाही. मी याले सरळ करून देतो, मजुरी नोका देऊ." आतल्या बाजूनं प्रत्येक पाकळीवर ठोक्यांच्या खुणा एकसारख्या होत्या, आम्ही इतकी वर्षं फक्त बाहेरून पाहत होतो. मला तेव्हा लेओनची गोष्ट आठवली. एन्रिकेनं स्पेनमध्ये सुरुवातीला जी मोठी कुस्तोदिया केली ती लेओनचीच, अन् ती आज नाही, १८०९ मध्ये फ्रेंचांविरुद्धच्या लढाईच्या दिवसांत आटवून टाकली गेली. आमचं छत्र काही तेवढं मोठं नाही, पण ज्या कोण्या सोनाराचं ते काम होतं त्याचं आता तेवढंच उरलं आहे. ते वाचलं यासाठी मी या कारखान्याला वेगळे मार्क देतो.

उरलेले २ किलो ४५० ग्रॅम आमच्यासमोर मुशीत टाकले. मळ, लाख, दोरे, घुंगरातले खडे जळून २ किलो ३९२ ग्रॅमची लगड निघाली. तिच्या वरच्या अन् खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून छिन्नीनं तुकडा काढून सराफ्यातल्या टंचाच्या मशीनवर मलाच पाठवलं, स्वतः आले नाहीत. दोन्हीची सरासरी ८२ आली. मी परत येऊन चिठ्ठी दिली तेव्हा त्यांनी कसोटीवरची स्वतःची रेघ दाखवली, त्यांचा अंदाज होता ब्याऐंशी-त्र्याऐंशी.

स्पेनमध्येही चारशे-पाचशे वर्षांपूर्वी हेच दुखणं होतं अन् त्यांनी त्यावर कायदा बसवला होता. चांदीची शुद्धता ते बारा दिनेरोत मोजायचे, एका दिनेरोचे चोवीस ग्रानो, म्हणजे पूर्ण शुद्ध चांदी २८८ ग्रानो. देवळातल्या अन् घरातल्या चांगल्या कामाला अकरा दिनेरो चार ग्रानो पाहिजे, म्हणजे २८८ पैकी २६८, आपल्या हिशोबात ९३ टक्के. शहराचा नेमलेला पारखी वस्तूच्या मागून करवतीच्या दातांसारखी नागमोडी रेघ कोरून चांदीचा बारीक कीस काढायचा, तो शिसं घालून हाडाच्या राखेच्या वाटीत भट्टीत तापवायचा, शिसं अन् तांबं राखेत जिरून जायचं अन् शुद्ध चांदीचा मणी उरायचा, त्याचं वजन करायचं. पास झालं की शहराचा शिक्का, पारख्याचा शिक्का, सोनाराचा शिक्का. ती नागमोडी रेघ, बुरिलादा म्हणतात तिला, जुन्या स्पॅनिश चांदीवर मागून आजही दिसते. हुआन दे आर्फेसुद्धा उतारवयात सेगोवियाच्या टाकसाळीत पारखी होता. आपल्याकडं सोन्याला हॉलमार्क सक्तीचा झाला पण चांदीला मी हे लिहितोय तोवर ऐच्छिकच आहे, म्हणून सांगतो, देवाची चांदी देताना लगडीचा तुकडा तुम्ही स्वतः टंचाला न्या, अन् काम झाल्यावर मागच्या बाजूनं पुन्हा एकदा काढा. चांगला कारागीर यात अपमान मानत नाही. आमच्या प्रभावळीच्या मागं अशी एक बारीक रेघ आहे, काकाजींनी स्वतःहून कोरून कीस माझ्या हातावर ठेवला, ९५ भरला.

चेहऱ्याचं काम. मी गाभाऱ्यातल्या मूळ दगडी तांदळ्याची चारी बाजूंनी चित्रं काढून नेली होती, मापंही. मला वाटलं काकाजीच नकाशा काढतील, पण बटर पेपर घेऊन बसली त्यांची सून. घरात चित्र तिचंच, असं ते सगळ्यांना सांगतात. माझ्याशी ती दोन तास डोळ्यांवरच बोलली, देवी समोर पाहते की खाली, गावातल्या बाया कुठं उभ्या राहून पाहतात, पोरं कुठून पाहतात, दिवा कोणत्या बाजूला. मला शाळेत इतक्या वर्षांत कोणी असे प्रश्न विचारले नाहीत. मुखवट्याची नजर तिनं थोडी खाली उतरवली, कारण आमचा गाभारा खोल आहे अन् माणसं बसून दर्शन घेतात. बसल्यावर बरोब्बर नजरेला नजर मिळते.

तिच्यावरून मी त्यांना फेलिक्स ग्रांदांची गोष्ट सांगितली. हे आपल्या जवळच्या काळातले, जन्म १८६८, आस्तुरियासमधल्या पोला दे लेना गावचे, पेशानं धर्मगुरू. त्या काळात देवळांसाठी कारखान्यात साच्यातून निघालेल्या एकसारख्या मूर्त्या अन् भांडी स्वस्तात मिळायला लागली होती, यांना ते पाहवेना, म्हणून १८९१ मध्ये माद्रिदला हातकामाचा कारखाना काढला, चित्रकार, लाकूडकाम करणारे, सोनार, मुलामा चढवणारे, भरतकाम करणाऱ्या बाया सगळे एका छपराखाली. स्वतः रेखाटनं करायचे. अन् बहीण कांदिदा कारखान्याचा कारभार सांभाळायची. १९५४ ला ते गेले, पण कारखाना आजही चालू आहे, आता माद्रिदजवळच्या आल्काला दे एनारेसला. सूनबाई ऐकत होती, मग म्हणाली, "अन् त्या बहिनीचं नाव कोनी लिहेल हाये का कुठं?" मी म्हटलं आहे. तिनं मान डोलावली अन् पुन्हा कागदावर वाकली. आमच्या पावतीवर नकाशा कोणाचा तिथं तिचंही नाव लिहून घ्या असं मी काकाजींना सांगितलं अन् त्यांनी लिहिलं.

ठोकायचं काम मी दोनदा जाऊन पाहिलं. पत्रा आधी उलटा राळेवर ठेवून मागून उठाव काढायचा, गाल, कपाळ, हनुवटी, मग राळेतून सोडवून तापवायचा, कारण चांदी ठोकून ठोकून कडक होते अन् तशीच ठोकत राहिलं तं फाटते. तापवून नरम केली की पुन्हा राळ, पुन्हा ठोकाई. नाकासाठीच नऊ वेळा तापवला असं मुलानं सांगितलं. मग सुलटा करून वरून कलमेनं ओठ, पापणी, नथीची जागा. स्पेनमध्येही रीत हीच, मागून उठवायचं अन् पुढून कोरायचं, राळेच्या जागी त्यांचं डांबरासारखं मिश्रण. ठोक्याचा आवाज एका लयीत चालतो अन् मध्येच बदलतो, काकाजी तेव्हा पत्र्याकडं न पाहता मुलाला म्हणतात "तापव". आवाजावरून कळते म्हणे.

एक चूक झाली तीही सांगतो. डाव्या भुवईपाशी केसासारखी चीर गेली. मला फोन करून बोलावून घेतलं अन् दाखवली, म्हणाले डाक भरून बुजवू शकतो, कोणाला दिसणार नाही, नाही तं तेवढा चेहरा पुन्हा करतो, बारा दिवस लागतील. मी पुन्हा करा म्हटलं. त्यामुळं अन् पुढं त्यांच्या घरच्या आजारपणामुळं काम ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा झालं, घटस्थापनेला फक्त चार दिवस उरले होते अन् गावात मला लोकांची बोलणी खावी लागली. तुम्ही देत असाल तं सणाच्या किमान चार महिने आधी द्या.

हिशोब असा आला. लगड शुद्ध करून हाती १,९५५ ग्रॅम शुद्ध चांदी, कागदावरच्या गणितानं १,९६१ पाहिजे होती, सहा ग्रॅम शुद्धीत गेली. ३०६ ग्रॅम आम्ही विकत घेऊन टाकली, तिची पक्की पावती. त्यात ठोकायला बळ राहावं म्हणून ११९ ग्रॅम तांबं, एकूण २,३८० ग्रॅम, टंच ९५. मुखवटा १,१२० ग्रॅम, प्रभावळ १,०६४, स्क्रू अन् खिळे ५२. कात्रण अन् कीस ११८ ग्रॅम पुडीत बांधून परत. घट २६ ग्रॅम, म्हणजे शंभराला एकच्या आसपास. मजुरी ग्रॅममागं पस्तीस रुपये, सागाचा पाट वेगळा. मजुरी बाजारापेक्षा जास्त आहे, रेडिमेड याच्या अर्ध्यात मिळते, हे मी लपवत नाही. पण परत आलेली पुडी मी ग्रामसभेत सगळ्यांसमोर उघडून तोलली तेव्हा जी शांतता होती ती मजुरीच्या आकड्यात येत नाही. पाटल्या देणारी आजी पुढंच बसली होती.

सोनारांचे पाठीराखे संत म्हणून स्पेनमध्ये सान एलोयला मानतात, १ डिसेंबरला त्याचा दिवस, सोनारांचे संघ त्याच्याच नावानं असायचे. तो सातव्या शतकातला, मूळ फ्रान्सचा, स्वतः सोनार. राजानं एका सिंहासनापुरतं सोनं दिलं अन् यानं तेवढ्यातच दोन करून दिली, अशी कथा. हे सांगितल्यावर काकाजींनी भिंतीवरच्या नरहरी महाराजांच्या तसबिरीकडं हात केला, विठ्ठलाचा करदोडा डोळे बांधून घडवणारे आपले संत. "आमचे बी हायेत," म्हणाले, अन् अगरबत्ती लावली. दुकान उघडलं की रोज पहिली अगरबत्ती तिथंच असते.

मुखवटा बसवायला काकाजी स्वतः गावात आले, गाडीभाडं घेतलं पण जेवणाचे सुद्धा आग्रह करावे लागले. गाभाऱ्यात सगळ्यांना बाहेर थांबवून सात भाग एकेक करून लावले, पाण्याची पातळी पाहायची नळी आणली होती तिनं आडवं-उभं तपासलं. तोलेदोच्या रस्त्यांना चढ-उतार खूप, म्हणून तिथं कुस्तोदिया ज्या गाड्यावर ठेवतात त्याला तोल आपोआप सरळ राहील अशी यंत्रणा बसवली आहे, चढावरही मनोरा झुकत नाही, अन् त्या दिवशी रस्त्यावर सुवासिक रानझुडपाचा पाला पसरतात, वरून कापडाचे मांडव. आमच्या पालखीचा रस्ताही मारुतीच्या पारापाशी एकदम उतरतो, तिथं प्रभावळ पुढं झुकेल ही काकाजींची काळजी होती. त्यांनी पालखीच्या पाटाखाली मागून दोन पाचरी दिल्या, पालखी उतारावर आली की त्या काढायच्या. यावर्षी पालखी तिथून गेली तेव्हा मी पाचरीपाशीच चालत होतो, प्रभावळ हलली नाही.

बायांचं काय झालं ते मी वेगळं लिहिणार नव्हतो पण लिहितो. पडदा काढल्यावर पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघी रडल्या. एक म्हणाली, आता पाह्यते न माय इकडं.

देखभालीबद्दल काकाजींनी कागदावर लिहून दिलं आहे. पावडर अन् टूथपेस्ट अजिबात लावायची नाही, रिठ्याचं कोमट पाणी, मऊ सुती फडकं, लगेच कोरडं. कुंकू ओठावर अन् भुवईच्या खाचेत भरायचं नाही, कपाळावर लावायचं. कापूर समोर हातभर लांब. नवरात्राच्या आधी वर्षातून एकदा प्रभावळ पूर्ण खोलायची, भागांच्या मागं एक ते सात आकडे कोरलेले आहेत, त्याच क्रमानं परत लावायचे. दिवाळीनंतर आम्ही सराव म्हणून एकदा खोलून पाहिली, मी अन् गावातले दोन पोरं, पाऊण तास लागला, आत थोडी धुरी सोडून काही नव्हतं.

जायचं असेल तं रेल्वेनं जलंबला उतरून खामगाव जवळ आहे, तिथून छोटी लाइनही आहे, पण वेळ पाहून जा, नाही तं शेगावहून एसटी सोपी पडते. गाडी सराफ्याच्या बाहेरच लावा, आत वळत नाही. सकाळी दहाच्या आत जा, दुपारून ठोकाई चालू असली की ते बोलत नाहीत. चांदीची वही सोबत न्या, अन् देवाचा फोटो समोरून एकच नको, बसून काढलेलाही न्या, सूनबाई मागते. स्क्रू खोलायचा पेचकसही ते सोबत देतात, आमचा मंदिराच्या लोखंडी पेटीत वहीच्या बाजूला ठेवला आहे.